जुना संगणक देऊन टाकण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला दर महिन्याला मिळणारी सुरक्षेची दुरुस्ती थांबवली. त्यानंतर अनेक घरांत, शाळांत, सोसायट्यांच्या आणि पतसंस्थांच्या कार्यालयांत विंडोज ११ चा नवा संगणक आला आहे किंवा येऊ घातला आहे. त्याच्याबरोबर एक प्रश्न हमखास येतो : आमचं जुनं ऑफिस यावर चालेल का?

उत्तर आधीच देऊन टाकतो. बहुतेक वेळा चालतं. ऑफिस २०१० आणि २००७, बऱ्याच ठिकाणी अगदी २००३ सुद्धा विंडोज ११ वर बसतं, उघडतं आणि पत्र छापून देतं. मायक्रोसॉफ्ट त्याची जबाबदारी घेत नाही. काही अडलं तर विचारायला जागा नाही, एवढंच. तेव्हा जुनं ऑफिस ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा. पण दोन विनंत्या आहेत. एक, जुना संगणक एक्सचेंजमध्ये देण्याची घाई करू नका. दुसरी, जुन्या ऑफिसला फक्त घरचं काम द्या. बाहेरून आलेली फाइल त्यात उघडू नका. बाकीचा लेख या दोन विनंत्यांचाच विस्तार आहे.

जुनं सोडवत नाही म्हणून कुणी हसत असेल तर त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. २००७ साली वर्डचे मेनू गेले आणि त्या जागी चिन्हांची ती रुंद पट्टी आली. ज्यांनी त्याआधी दहा वर्षं ‘फाइल’, ‘एडिट’, ‘इन्सर्ट’ या क्रमानं हात बसवला होता, त्यांना साधं पान क्रमांक टाकायलाही शोधाशोध करावी लागली. शिवाय आता ऑफिस घ्यायचं तर मायक्रोसॉफ्टचा सगळा जोर दरवर्षी वर्गणी भरण्यावर आहे. महिन्याला चार नोटिसा आणि एक इतिवृत्त टाइप करणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी ती का भरावी, हा प्रश्न अगदी रास्त आहे. पैसे देऊन घेतलेली जुनी सीडी कपाटात असेल तर ती वापरण्यात काहीच चूक नाही.

फक्त ती सीडी लागते. इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. जुन्या संगणकाच्या डेस्कटॉपवरचं वर्डचं चिन्ह पेन ड्राइव्हवर घेतलं म्हणजे वर्ड घेतलं, अशी समजूत अजूनही आढळते. ते चिन्ह म्हणजे नुसता पत्ता. नव्या संगणकावर त्या पत्त्यावर कुणीच राहत नाही. थोडे जाणकार लोक ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधला अख्खा फोल्डर उचलून आणतात. त्यानंही भागत नाही. प्रोग्रॅम म्हणजे डबा नव्हे, एका ओट्यावरून उचलून दुसऱ्यावर ठेवायला. बसवताना त्याच्या शेकडो नोंदी विंडोजच्या रजिस्ट्रीत होतात आणि त्या फोल्डरबरोबर येत नाहीत. म्हणून मूळ सीडी आणि पंचवीस अक्षरी प्रॉडक्ट की, दोन्ही हाताशी हवं. की बहुधा सीडीच्या डबीवर असते. त्या चिठ्ठीवरची शाई उडण्याआधी वहीत उतरवून ठेवा. नव्या लॅपटॉपला सीडी घालायची सोयच नसते. तेव्हा जुना संगणक चालू आहे तोवर सीडीतला सगळा ऐवज पेन ड्राइव्हवर घ्या आणि बसवण्याचं काम तिथून करा.

की मान्य होते का, तेही जुनं यंत्र घरात असतानाच पाहून घ्या. ऑफिस जुन्या संगणकाबरोबरच मिळालं असेल तर त्याचा परवाना त्या यंत्रापुरताच असतो. तो दुसरीकडे नेता येत नाही. डबीतून वेगळं विकत घेतलेलं असेल तर हलवता येतं, पण ॲक्टिव्हेशन मागतं. ते झालं नाही तर पहिले काही दिवस सगळं सुरळीत चालतं आणि मग एके दिवशी फाइल वाचता येते, बदलता येत नाही. हे कळायच्या आत जुना संगणक दुकानात गेलेला असतो.

बसवण्याबद्दल आणखी थोडं. नव्या लॅपटॉपवर बहुधा मायक्रोसॉफ्ट ३६५ आधीच घालून दिलेलं असतं, महिनाभर फुकट. ते वापरायचं नसेल तर आधी काढून टाका. दोन्ही ठेवायची असतील तर जुनं आधी आणि नवं नंतर, हा क्रम पाळा. उलट केलंत तर फाइल कुणी उघडायची यावरून दोघांची ओढाताण सुरू होते आणि वर्ड उघडताना दर वेळी ‘कॉन्फिगर करत आहे’ अशी पट्टी येऊन बसते. प्रोग्रॅम उघडताना कुरकुरला तर त्याच्या चिन्हावर उजवी टिचकी मारा, ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘कम्पॅटिबिलिटी’ हे पान उघडा आणि विंडोज ७ निवडून पाहा. आपल्याकडच्या जुन्या बिलिंगच्या, पगारपत्रकाच्या प्रोग्रॅमना पुष्कळदा डॉटनेट ३.५ हा घटक लागतो; तो विंडोज ११ मध्ये मिळतो, पण ‘विंडोज फीचर्स’मध्ये जाऊन चालू करावा लागतो.

एका ठिकाणी मात्र कुठलीच युक्ती चालत नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिटचं निघालं, आणि ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचे प्रोग्रॅम उघडतच नाहीत. म्हणजे डॉसमधलं वर्डस्टार, फॉक्सप्रोत कुणी लिहून दिलेला हिशेबाचा प्रोग्रॅम, विंडोज ३.१ च्या काळातलं वर्ड. विंडोज १० किंवा ७ ची ३२ बिट आवृत्ती असलेल्या यंत्रावर यातलं बरंच काही आजवर चालत होतं, म्हणून धक्का जास्त बसतो. डॉसबॉक्ससारखी किंवा संगणकात संगणक उभा करणारी व्हर्च्युअलबॉक्ससारखी साधनं आहेत, फुकटही आहेत. पण ती जाणत्या माणसाला शेजारी बसवूनच करावीत. त्यापेक्षा त्या प्रोग्रॅममधली माहिती जुन्या यंत्रावरच एक्सेलमध्ये किंवा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढून घेणं केव्हाही बरं.

आता दुसरी विनंती, बाहेरच्या फाइलींची. ऑफिस २००३ ची मुदत ८ एप्रिल २०१४ ला संपली, २००७ ची १० ऑक्टोबर २०१७ ला, २०१० ची १३ ऑक्टोबर २०२० ला. २०१६ आणि २०१९ ची तर विंडोज १० बरोबर एकाच दिवशी संपली. मुदत संपली म्हणून प्रोग्रॅम बंद पडत नाही. पण त्यात पुढे सापडलेली भोकं कुणी बुजवत नाही. विंडोज नवीन आहे, अँटिव्हायरस आहे, मग काय होतंय, असं म्हणणाऱ्यांसाठी एक खरी गोष्ट सांगतो. ऑफिसात गणिताची समीकरणं लिहायला ‘इक्वेशन एडिटर’ नावाचा एक छोटा जुना घटक होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यातली एक खोट जाहीर झाली. मॅक्रो, म्हणजे फाइलीतच दडलेला छोटा प्रोग्रॅम, चालू करायची गरज नाही, कुठल्या दुव्यावर टिचकी नको, नुसती वर्डची फाइल उघडली की परक्याचा प्रोग्रॅम तुमच्या संगणकावर चालू. चोरांनी ती पुढे कैक वर्षं वापरली. जानेवारी २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने दुरुस्तीचा नाद सोडून तो घटकच ऑफिसातून काढून टाकला. पण तुम्ही आज २००७ च्या सीडीवरून ऑफिस बसवता तेव्हा तो जसाच्या तसा आत येतो. बसवताना ‘कस्टमाइझ’ निवडून ‘ऑफिस टूल्स’मधून तो वगळा. गणिताच्या शिक्षकांना हे जड जाईल, कारण जुन्या प्रश्नपत्रिकांतली समीकरणं त्यानंच केलेली असतात. ती दिसतील, छापली जातील. फक्त बदलता येणार नाहीत.

अनोळखी फाइल आधी कुलूपबंद, फक्त वाचण्यापुरती उघडण्याची सोय ऑफिस २०१० मध्ये आली. वरची पिवळी पट्टी आठवत असेल. २००७ आणि २००३ मध्ये ती नाही. इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो मुळातच अडवून धरायला ऑफिसनं २०२२ पासून सुरुवात केली. जुन्या आवृत्त्या फार तर एकदा विचारतात, आणि आपण घाईत ‘हो’ म्हणतो. म्हणून ईमेलनं, व्हॉट्सॲपवरून किंवा दुसऱ्याच्या पेन ड्राइव्हवरून आलेली फाइल उघडायला वेगळा प्रोग्रॅम ठेवा. लिब्रेऑफिस फुकट आहे, कायदेशीर आहे, त्याचे मेनू जुन्या वर्डसारखे आहेत आणि त्याला मराठी रूपही आहे. नव्या संगणकावर ते घाला आणि डॉक, डॉकएक्स, एक्सएलएस अशा फाइलींवर टिचकी मारली की तेच उघडेल असं ठरवून द्या. जुनं वर्ड उघडायचं ते त्याच्या चिन्हावरून, स्वतःचं काम स्वतः सुरू करायला. ही एवढी शिस्त पाळलीत तर माझ्या मते धोका बराच आटोक्यात येतो. जुन्या आउटलुकवर ईमेल मात्र घेऊच नका. जीमेलनं ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांत अशा जुन्या प्रोग्रॅमना नुसत्या पासवर्डवर आत घेणं बंद केलं आहे, त्यामुळे ते बहुधा जोडलंही जाणार नाही. ब्राउजरमधूनच ईमेल पाहा.

इथवरचं सगळं कुठल्याही भाषेच्या माणसाला लागू आहे. मराठीत काम करणाऱ्यांचा खरा गुंता फॉन्टचा आहे, आणि तो ऑफिसपेक्षा जुना आहे.

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत; तिच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ साली, देवनागरी होती. विंडोज २००० बरोबर मंगल फॉन्ट आला. तरी आपल्याकडचं टायपिंग त्यानंतरही कितीतरी वर्षं श्रीलिपी, आयएसएम, आकृती अशा संचांवर चाललं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि पुण्याच्याच सी-डॅकचं आयएसएम नसतं तर महाराष्ट्रातल्या छापखान्यांचं आणि कचेऱ्यांचं त्या काळात काही खरं नव्हतं, हेही मान्य करायला हवं. पण या फॉन्टांची एक अडचण आहे. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार भरलेले असतात. पडद्यावर तुम्हाला ‘सभासद’ दिसतं, फाइलीत मात्र रोमन अक्षरांचं आणि चिन्हांचं कडबोळं साठवलेलं असतं. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसला की कडबोळंच दिसतं आणि माणूस म्हणतो, फाइल खराब झाली. फाइल ठीक असते.

तेव्हा जुन्या यंत्राच्या सी ड्राइव्हवर, विंडोजच्या फोल्डरात ‘फॉन्ट्स’ म्हणून जे आहे, त्यातले मराठी फॉन्ट सगळ्यात आधी पेन ड्राइव्हवर घ्या. नव्या यंत्रावर ते बसवताना उजवी टिचकी मारून ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’ हेच निवडा. नुसतं ‘इन्स्टॉल’ म्हटलं तर हल्लीचं विंडोज तो फॉन्ट एकट्या तुमच्या खात्यापुरता बसवतं, आणि काही जुन्या प्रोग्रॅमना तो दिसतच नाही. वाचणं यानं जमेल. लिहिण्यासाठी त्या संचाचा कीबोर्डचा प्रोग्रॅमही लागतो, आणि त्याचं डोंगल असेल तर तेही. जुन्या डोंगलचा ३२ बिट ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालत नाही. काही जुने कीबोर्ड ३२ बिटच्या जुन्या वर्डमध्ये नीट चालतात आणि ६४ बिटच्या नव्या वर्डमध्ये एक अक्षर उमटवत नाहीत. इथे जुनं ऑफिस ठेवण्याला खरंच कारण आहे.

आणखी एक त्रास आहे, तो कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. नव्यानं बसवलेल्या वर्डमध्ये तुम्ही जुन्या फॉन्टमध्ये टाइप करता आणि वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप भलतंच होतं, अवतरण चिन्हाच्या जागी कुठलं तरी जोडाक्षर येतं. फॉन्ट बिघडलेला नसतो. वर्डच्या मते तुम्ही इंग्रजी लिहीत आहात, म्हणून ते वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करतं आणि सरळ अवतरण चिन्हं वाकडी करतं. जुन्या संगणकावर कुणीतरी कधीकाळी हे बंद करून ठेवलेलं असतं. नव्यावर ते पुन्हा बंद करावं लागतं : ‘ऑटोकरेक्ट’ उघडा आणि तिथल्या बहुतेक खुणा काढून टाका.

युनिकोडमध्ये टाइप केलेल्यांनाही एक छोटी अडचण येते. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, उत्साह, अपराजिता हे फॉन्ट संगणकावर आपोआप असतीलच असं नाही. ते ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ नावाच्या जोडणीत गेले. नसले तर विंडोज मजकूर निर्मला फॉन्टमध्ये दाखवतं, ओळी लांब-आखूड होतात आणि एका पानात बसवलेला अर्ज दुसऱ्या पानावर घसरतो. सेटिंग्जमध्ये ‘ऑप्शनल फीचर्स’ शोधून ती जोडणी घ्या. इंटरनेट लागतं, पैसे लागत नाहीत.

आता आग्रहाचं सांगतो. जुन्या फॉन्टमधला कामाचा मजकूर युनिकोडमध्ये आणा. जुन्या ऑफिसला कितीही वर्षं जगवलंत तरी त्या मजकुरात ‘कदम’ शोधून सापडत नाही, सभासदांच्या यादीला वर्णानुक्रम लावला तर ती रोमन चिन्हांच्या क्रमानं लागते, आणि व्हॉट्सॲपवर चिकटवला तर समोरच्याला काहीच वाचता येत नाही. सगळंच बदलायला जाऊ नका, कंटाळून निम्म्यात सोडाल. जुन्या लग्नपत्रिका, कार्यक्रमपत्रिका, पाठवून झालेली पत्रं यांची नुसती पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसतो, त्यामुळे पुढे कुठेही तशीच दिसते. ऑफिस २०१० मधून थेट पीडीएफ निघते. त्याहून जुनं असेल तर विंडोज ११ वर छापताना प्रिंटर म्हणून ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडा. युनिकोडमध्ये आणायचं ते जे पुन्हा पुन्हा लागतं तेवढंच : संस्थेचे उपविधी, सभासदांची यादी, शिकवण्याच्या टिपणवह्या, घराण्याची वंशावळ, पुस्तकाचं हस्तलिखित.

रूपांतर करून देणारे प्रोग्रॅम आहेत, त्यांतले काही फुकट आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. रफार एक अक्षर पुढे-मागे सरकतो, पहिली वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते, आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला र हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या प्रोग्रॅमना झेपत नाही. जुन्या फाइलीचा छापील कागद बाजूला ठेवून ओळ अन् ओळ ताडून पाहा. आकडे तर दोनदा. घरात शाळा-कॉलेजातलं कुणी असेल तर या कामाला त्यांना बसवा; मोठ्यानं वाचून दाखवणारा एक आणि पडद्यावर पाहणारा एक, अशी जोडी चांगली चालते. यापुढचं टायपिंग मात्र सरळ युनिकोडमध्ये करा. इनस्क्रिप्ट शिकायचा कंटाळा असेल तर २०१९ पासून विंडोजमध्येच मराठीचा उच्चारानुसार चालणारा कीबोर्ड आहे. वेगळं काही उतरवून घ्यायला नको.

एक्सेलवाल्यांनी एवढं लक्षात ठेवावं की जुन्या एक्सएलएस फाइलीत ६५,५३६ ओळीच मावतात. नव्या एक्सेलमधली मोठी यादी ‘जुन्या संगणकावर उघडावी’ म्हणून त्या रूपात जतन केलीत तर त्यापुढच्या ओळी जातात. ॲक्सेसवाल्यांची गोष्ट जरा गंभीर आहे. ॲक्सेस ९७ मधल्या फाइली २०१३ आणि त्यापुढचं ॲक्सेस उघडतच नाही. मध्ये २०१० किंवा त्याआधीची पायरी लागते. तुमच्या संस्थेचं जुनं दप्तर त्यात असेल तर ज्या यंत्रावर ते आज उघडतं, तिथेच ते नव्या रूपात करून घ्या.

‘लाइफटाइम ऑफिस चारपाचशे रुपयांत घालून देतो’ म्हणणाऱ्या दुकानदाराला नम्रपणे नको म्हणा. ते ऑफिस चालू करायला वापरलेल्या ‘ॲक्टिव्हेटर’साठी तो आधी तुमचा अँटिव्हायरस बंद करतो, हे शेजारी उभं राहून पाहा म्हणजे पुढचं सांगायला नको. फुकटच हवं तर लिब्रेऑफिस आहे, ब्राउजरमध्ये उघडणारं वर्ड आहे, गूगल डॉक्स आहे.

ज्यांना टाइप करणं आणि छापणं यापलीकडे काही नको, त्यांना माझा सल्ला वेगळाच आहे. नवा संगणक ईमेलसाठी, बँकेसाठी, शासनाच्या संकेतस्थळांसाठी वापरा. आणि जुन्याचं इंटरनेट काढून टाकून तो टायपिंगचं यंत्र म्हणून तसाच राहू द्या. जुना प्रिंटर, जुना फॉन्ट, जुनं वर्ड, सगळं जागच्या जागी. त्याच्याकडे जाणारा पेन ड्राइव्ह तेवढा आधी नव्या संगणकावर तपासा. आणि नवा घेण्याचे पैसे आत्ता नसतील तर मायक्रोसॉफ्टकडे नोंदणी करून घरगुती विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळू शकतात. तेवढ्यात वरची कामं निवांत होतील.

जागा नाही, जुनं यंत्र द्यायचंच आहे, असं असेल तर देताना हार्ड डिस्क काढून मागा. एक्सचेंजची किंमत थोडी कमी होईल, होऊ द्या. दुकानदाराला ती डिस्क यूएसबीच्या डबीत बसवून द्यायला सांगा आणि नव्या संगणकाला जोडून महत्त्वाची प्रत्येक फाइल तिथेच उघडून दाखवायला लावा. मराठी अक्षरं नीट दिसली, एक पान छापून निघालं, की मगच पैसे द्या.